ब्रांच कुठली मिळाली?

नीट पीजीचा निकाल लागला की आपल्या कोल्हापुरात डॉक्टर मुलांच्या घरी फोन सुरू होतात. रँक किती आली, हा पहिला प्रश्न. त्याच्या पाठोपाठ, ब्रांच कुठली मिळणार? मावशी विचारते, शेजारचे काका विचारतात, भिशीतल्या बायका विचारतात. पोरगं डॉक्टर झालंय, एवढ्यावर आता कुणाचं समाधान होत नाही.

आणि खरं सांगायचं तर आपलंही होत नाही. लोकांना नावं ठेवून उपयोग नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आपल्याही डोक्यात तेच फिरत असतं. रेडिओलॉजी बसेल का? नाहीतर मेडिसिन? एक वर्ष ड्रॉप घेऊ दे का?

मी डॉक्टर नाही. माहेरी नाही, सासरी नाही, कुणीच डॉक्टर नव्हतं. माझी मुलगी सध्या रेसिडेन्सी करते, त्यामुळे हे सगळं घरात बसून बघितलंय आणि अजून बघतेय. ज्यांच्या घरी या वर्षी हा विषय आहे, त्यांच्याशी चार गोष्टी बोलाव्यात असं वाटलं.

बारावीच्या वेळी आपल्याला वाटत होतं, एकदा नंबर लागला की सुटलो. मग साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप. इंटर्नशिपमध्ये दिवसा वॉर्डात सलाईन लावायचं, रक्ताचे नमुने पोहोचवायचे आणि रात्री अभ्यासिकेत जाऊन बसायचं. नीट पीजीला एकोणीस विषय, दोनशे प्रश्न, साडेतीन तास, आठशे मार्क. चुकलेल्या प्रश्नाला मार्क कापतात ते वेगळंच. सरकारी कॉलेजात शिकलं असेल तर एक वर्षाचा सरकारी सेवेचा बॉन्ड. पुढे एमडी-एमएसची तीन वर्षं. आणि नुसत्या एमडीला आता कोण विचारतं म्हणत डीएमची आणखी तीन. एखाद-दुसरा ड्रॉप धरला तर पोर बत्तीस-तेहतिशीला पोहोचतं. त्या वयात आपल्या पदरात शाळेत जाणारी मुलं होती, हे आठवलं की काळजी वाटणारच. या काळजीपोटीच आपण चुकीच्या जागी जोर लावतो.

तो जोर कसा असतो बघा. मुलगा असेल तर आपण म्हणतो, “ऑर्थो घे, सर्जरी घे, नाव कमावशील.” मुलगी असेल तर म्हणतो, “स्किन घे, डोळ्यांचं घे, पुढं संसार सांभाळायचाय.” दोन्ही वाक्यं प्रेमानंच म्हणतो. पण मुलाला नाव आणि मुलीला घर अशी वाटणी आपण त्यांना न विचारता करून टाकतो. ऑर्थोच्या मुलाला बाप म्हणून घरी यायचं नसतं का? दोन-तीन वर्षांच्या लेकराला बापाचा चेहरा फक्त रविवारी दिसावा, हे त्याला तरी आवडेल का? आणि ज्या मुलीचे हात सर्जरीत छान चालतात, तिला कुणी “संसाराचं काय?” म्हटलं की ती तिथंच गप्प होते. घरी येऊन सांगत नाही, पण तिचं मन आतून खट्टू होतं. मग पुढची कितीतरी वर्षं ती नावडत्या ब्रांचमध्ये, सोयीच्या वेळात काम करत राहते. वेळ सोयीची असली तरी चेहऱ्यावर समाधान नसतं. ते घरच्यांनाही जाणवतं.

संसाराचा प्रश्न विचारूच नये असं मी म्हणत नाही. जरूर विचारावा. फक्त मुलालाही तितक्याच गंभीरपणे विचारावा.

मुलींनी डॉक्टर होण्याच्या बाबतीत कोल्हापूरला मोठा वारसा आहे. आनंदीबाई जोशी पती गोपाळरावांबरोबर काही काळ इथं राहिल्या होत्या. 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्यावर संस्थानानं त्यांना नेमलं ते इथल्याच अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डवर. आजचं आपलं सीपीआर रुग्णालय ते हेच. कामाला सुरुवात होण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 ला, त्या पुण्यात क्षयानं गेल्या. वयाची बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. ही गोष्ट आपण मुलींना जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण आई म्हणून वाचताना मला त्यातली ढासळत जाणारी तब्येत आधी दिसते. परक्या देशाची थंडी, खाण्याचे हाल, अंगातला आजार, आणि त्यातच पुरं केलेलं शिक्षण.

पुढे त्याच हॉस्पिटलात डॉ. कृष्णाबाई केळवकर काम करू लागल्या. त्यांच्या आई रखमाबाई केळवकर संस्थानातल्या मुलींच्या शाळांचं काम बघत. राजर्षी शाहू महाराजांनी कृष्णाबाईंच्या शिक्षणाला पाठबळ दिलं. शंभर वर्षांपूर्वी या गावात नोकरी करणारी आई आणि डॉक्टर मुलगी होत्या. आपण आज “मुलीच्या जातीला सर्जरी कशाला” म्हणतो, तेव्हा या दोघींची मला आठवण होते.

ब्रांचचं नाव बाजूला ठेवून त्या ब्रांचमधला एक दिवस कसा असतो, हे आधी समजून घ्यायला हवं. आपण काय करतो? ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावतो. ते पन्नाशीचे, नावाजलेले, त्यांचं सगळं बस्तान बसलेलं. ते सांगतात तो दिवस त्यांचा असतो. आपल्या पोराला पुढची तीन वर्षं जगायचाय तो दिवस दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारला तरच कळेल. कॉलेजचे सिनियर असतातच. त्यांच्याशी पोराला एकट्याला बोलू द्या. आपण शेजारी बसलो की ती मुलं “चांगलंय काकू, शिकायला मिळतं” यापलीकडे काही बोलत नाहीत.

स्त्रीरोग म्हणजे बाळंतपणं, आणि बाळंतपण घड्याळ बघून होत नाही. सीपीआरला शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याच्या वाड्या-वस्त्यांवरून अवघडलेल्या बाया येतात. त्यातल्या कितीतरी रात्री-अपरात्रीच. ऑर्थोत हायवेचे अपघात. मेडिसिनमध्ये पावसाळ्यात डेंगीनं भरलेले वॉर्ड. भूलतज्ज्ञाला, म्हणजे ॲनेस्थेशियावाल्याला, आपण दुय्यम समजतो, कारण दवाखान्याच्या दारावर त्याच्या नावाची मोठी पाटी नसते. पण ऑपरेशन चालू असताना पेशंटचा श्वास त्याच्या हातात असतो. आणि राजारामपुरी-शाहूपुरीतल्या चार-पाच हॉस्पिटलांत फिरून काम करणारे भूलतज्ज्ञ स्वतःची ओपीडी नसल्यामुळे कामाचे दिवस थोडेफार आपल्या सोयीनं ठरवू शकतात. हे सुख सर्जनला नसतं. मात्र मध्यरात्रीच्या सिझेरियनला त्यांनाही उठावंच लागतं.

रेडिओलॉजी म्हणजे एसीत बसून आराम, हाही आपला एक गोड समज. ज्यांचं काम मी जवळून बघितलंय, ती मुलं एकामागून एक स्कॅन वाचून डोळे चोळत असतात. शिवाय गर्भलिंगनिदान होऊ नये म्हणून सोनोग्राफीला येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म काटेकोर भरावा लागतो. त्यातली साधी चूकही महागात पडते. आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशीनवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारं यंत्र बसवायची सुरुवात इथूनच झाली होती. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त 863 मुली होत्या. रेडिओलॉजी घेणाऱ्या पोरानं ही जबाबदारीही घेतलेली असते.

पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, कम्युनिटी मेडिसिन ही नावं ऐकली की आपला चेहरा पडतो. “म्हणजे पेशंट बघणार नाही का?” असं आपण पोरासमोरच म्हणून जातो. 2020 साली स्वॅबच्या रिपोर्टसाठी अख्खा जिल्हा डोळे लावून बसला होता. ते रिपोर्ट मायक्रोबायोलॉजीची मंडळी रात्रंदिवस देत होती. गाठ कॅन्सरची आहे की साधी, हे सांगणारा पॅथॉलॉजिस्ट पेशंटला दिसतसुद्धा नाही. मानसोपचार घेतो म्हणणाऱ्या मुलाला तर घरातच “वेड्यांचा डॉक्टर होणार होय?” असं ऐकवणारी माणसं मी बघितली आहेत. ज्याला माणसांचं ऐकून घ्यायला आवडतं, अशा पोराला ते किती लागत असेल!

आता तासांचं बोलूया, कारण आपली झोप उडते ती त्यानंच. रेसिडेंटला सलग बारा तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम नको, असं केंद्र सरकारनं 1992 सालीच कळवलं होतं. वॉर्डात ते पाळलं जाताना फारसं दिसत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमावलीत कामाचे तास वाजवी असावेत, आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला वीस दिवस सीएल मिळावी, असं लिहिलंय. मातृत्वाची रजा आहे, पितृत्वाचीही आहे. रजा ठरल्यापेक्षा जास्त झाली तर तेवढे दिवस कोर्स पुढं जातो, एवढंच. 2024 मध्ये आयोगाच्याच कृती गटानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. 5,337 पीजी विद्यार्थ्यांकडून माहिती घेऊन त्यांनी सुचवलं की आठवड्याचे तास 74 च्या वर नकोत आणि रोज सात-आठ तास झोप हवी. सूचना चौऱ्याहत्तरची आहे म्हणजे प्रत्यक्षात किती असतील, याचा अंदाज आपण आया बरोबर करतो.

हे नियम पोराला माहीत असतातच असं नाही, आणि माहीत असले तरी पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट, म्हणजे जेआर वन, तोंड उघडायला घाबरतो. पण आपल्याला ते माहीत असले की निदान आपण “आमच्या वेळी आम्ही काय कमी कष्ट केले?” असं म्हणणार नाही.

माझी लेक पहिल्या वर्षी फोन करायची तेव्हा मागं मॉनिटरचं टीटीट ऐकू यायचं. मी विचारायचे, “जेवलीस काय?” ती म्हणायची, “हो.” नंतर कळलं, ॲप्रनच्या खिशातला बिस्किटचा पुडा म्हणजेच जेवण. एकदा बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर थांबलं. मला वाटलं रेंज गेली. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. ड्युटी रूमच्या खाटेवर बूट न काढता, कानाला फोन तसाच ठेवून ती झोपली होती. मी फोन ठेवला नाही, बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या दिवसांत तिला सल्ला नको होता, आणि “मग ही ब्रांच घेतलीस कशाला?” हे तर अजिबात नको होतं. घरून कांदा-लसूण चटणी, भडंग, तुपातले लाडू गेले की तिच्या रूमवरच्या चारही मुली खूश व्हायच्या. आपल्या हातात तेवढंच असतं, आणि ते कमी नसतं.

लग्नाचा विषय निघाल्याशिवाय हे बोलणं पुरं होत नाही. आपल्याकडे स्थळं येतात तीसुद्धा ब्रांच बघून. मुलगा सर्जन, हॉस्पिटल बांधून तयार, सून गायनॅक नाहीतर भूलतज्ज्ञ हवी, म्हणजे बाहेरून कुणाला बोलवायला नको. अशा स्थळाची बोलणी होतात तेव्हा कान देऊन ऐका. त्यात मुलीच्या स्वभावाबद्दल, आवडीबद्दल एक शब्द नसतो. पण आपल्याला स्थळ तोलामोलाचं वाटतं, आणि ॲडमिशनच्या यादीत चॉइस भरताना मुलीला हळूच सुचवलं जातं, “गायनॅक वर टाकलीस तर बरं.” पुढच्या तीस वर्षांच्या रात्री तिच्या आहेत. अजून न ठरलेल्या सासरच्या सोयीसाठी त्या आपण देऊन टाकू नयेत.

ज्यांचे स्वतःचे दवाखाने आहेत, त्या आईवडिलांचं दुखणं आणखी वेगळं. कर्ज काढून, चोवीस तास राबून उभं केलेलं नर्सिंग होम. ते कोण चालवणार, ही चिंता खोटी नाही. त्या वास्तूत त्यांचं तारुण्य गेलेलं असतं. पण त्या घरातल्या मुलांशी बोललं तर ती सांगतात, “आई-बाबा आमच्या शाळेच्या गॅदरिंगला कधी आले नाहीत, कायम इमर्जन्सी असायची.” तेच आयुष्य पुन्हा जगायचं की नाही, हे त्यांना ठरवू द्यावं. वास्तू भाड्यानं देता येते, दुसऱ्या डॉक्टरांना चालवायला देता येते.

पैशाचं थोडक्यात सांगते. सरकारी सीट मिळाली नाही तर खासगी आणि अभिमत कॉलेजं आहेत. तिथं काही ब्रांचच्या तीन वर्षांच्या फीची बेरीज कोटीच्या घरात जाते. त्यासाठी उसाचं रान विकायचं का, याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं असेल. विकायचं ठरलंच, तर नंतर त्याची आठवण पोराला करून देऊ नये. “तुझ्यासाठी रान विकलं” हे वाक्य ऐकलेलं पोर कितीही त्रास झाला तरी “मला जमत नाहीये” असं घरी सांगत नाही. ही माझ्या मते सगळ्यात मोठी भीती आहे, तासांपेक्षा आणि रँकपेक्षाही.

आता चॉइस भरण्याबद्दल, कारण तिथंच घाई होते. निम्म्या सरकारी जागा देशपातळीवरच्या कोट्यातून भरतात, उरलेल्या राज्याच्या सीईटी सेलकडून. यादी भरताना आपण म्हणतो, “टाकून तर ठेव, मिळाली तर बघू.” कॉम्प्युटर तसं बघत नाही. यादी वरून खाली तपासत तो रँकला बसणारी पहिली सीट देऊन मोकळा होतो. फेऱ्या पुढं सरकल्या की मिळालेली सीट सोडणं अवघड होत जातं, पैसेही अडकतात. म्हणून जी ब्रांच पोराला खरंच नको आहे, ती ओळ यादीत शेवटीसुद्धा नको. आणि हे बोलणं फॉर्मच्या शेवटच्या रात्री, सर्व्हर अडकलेला असताना करू नये. महिनाभर आधी करावं. रंकाळ्यावर एक फेरी मारत करावं. चालताना मुलं समोरासमोर बसल्यापेक्षा जास्त बोलतात.

तेव्हा काय विचारायचं? “इंटर्नशिपमध्ये कुठल्या पोस्टिंगला वेळ कसा गेला कळलं नाही?” “कुठल्या पोस्टिंगला सकाळी उठवत नव्हतं?” “रात्री जागून दुसऱ्या दिवशी तुझी चिडचिड किती होते?” “तुला कोल्हापुरातच राहायचंय का?” यातलं शेवटचं विचारताना आपल्या आवाजात उत्तर डोकावू देऊ नये. मला हे फार अवघड गेलं होतं.

आणि मनासारखी ब्रांच मिळूनही पोर मध्येच कोलमडलं तर? जेवण तुटलं, फोन टाळायला लागलं, “मी नसतो तर बरं झालं असतं” असलं काही बोललं, तर पुढच्या परीक्षेपर्यंत थांबू नका. पहिल्या गाडीनं जा, शेजारी बसा, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. सीट सोडायची वेळ आली तर सोडावी. त्यासाठी मुलांकडून जबर दंड घेऊ नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंच जानेवारी 2024 मध्ये राज्यांना कळवलं होतं. तरीही दंड भरावा लागला तर भरावा. त्यापायी पोराला तिथं अडकवून ठेवू नये.

माझी मुलगी आता सिनियर झाली आहे. परवा म्हणाली, नवीन आलेल्या जेआरना ती रोज दुपारी अर्धा तास सक्तीनं जेवायला पाठवते. तिच्या ब्रांचचं नाव मी इथं मुद्दामच लिहिलेलं नाही, कारण ते वाचून कुणीतरी आपल्या मुलीला “बघ, हिनं हीच घेतली” म्हणेल.

एवढंच सांगणं आहे. लॉगिनचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाईल यंदा पोराच्याच हातात ठेवा. यादी त्याला भरू द्या, लॉकही त्यालाच करू द्या. आणि नंतर कुणी फोन करून विचारलं, “ब्रांच कुठली मिळाली?” तर मिळालेल्या ब्रांचचं नाव मोठ्यानं सांगा, पोराला ऐकू जाईल असं.